न झालेलं लग्न

बारकी कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे यायचे, त्यांवर ती मेणाच्या हिरड्या चढवायची, एकेक दात रांगेत बसवायची आणि गिऱ्हाइकाचं तोंडही न बघता त्याच्या हसण्याची सोय करून द्यायची. बहिणींत धाकटी म्हणून माहेरी बारकी, तेच नाव पुढे कामावर आणि सासरीही चिकटलं. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला सगळे गप्पू म्हणत, कारण तो गप्पा मारत नसे, गप्प बसे. "आमच्याकडे दात माझे आणि तोंड मिटलेलं ह्याचं," असं बारकी म्हणायची, आणि गप्पू ओठांच्या कोपऱ्यातून हसायचा.

संसार नीटनेटका होता. तो दारूच्या थेंबाला शिवत नव्हता, हात उगारणं तर लांबच, आवाजही चढवत नव्हता. तिला ताप आला तर सूप करून द्यायचा. दर रविवारी दोघं चर्चमध्ये मिस्साला, प्रार्थनाविधीला जात आणि डावीकडच्या बाकावर बसत. मूल नव्हतं. खरं सांगायचं तर मूल व्हावं असं त्यांच्यात फारसं काही घडतच नव्हतं. सुरुवातीला घडलं, मग कमी झालं, मग कधी थांबलं ते दोघांपैकी कुणी बोललं नाही. बारकीनं केस कापून पाहिले, वजन उतरवून पाहिलं, शेवटी आरशाशी भांडण करणं सोडून दिलं. गप्पू झोपण्याआधी पलंगाशी गुडघे टेकून बराच वेळ प्रार्थना करायचा. तिचा डोळा लागायचा तरी ह्याचं चाललेलंच. नवरा देवभोळा आहे, काहींना असतो तसा संयम आहे, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. थोडा अभिमानही होता त्याचा.

त्यांच्या धर्मग्रामातल्या चर्चला नवे फादर आले तेव्हा त्यांना असंच एक नीटनेटकं जोडपं हवं होतं. लग्न ठरलेल्या मुलामुलींसाठी तयारीचा वर्ग असतो, तो ह्या दोघांनी घ्यावा असं त्यांनी सुचवलं. बारकीला मनापासून आनंद झाला. चर्चच्या मागच्या सभागृहात वर्ग भरायचा. गप्पू खुर्च्या मांडायचा, बारकी बोलायची. रुसवे कसे काढावेत, सासूला कसं जिंकावं, घरखर्चावरून भांडू नये. पोरं हसायची. मधल्या सुट्टीत चहा व्हायचा आणि गप्पू कपबशा विसळायला मागच्या मोरीवर जायचा.

रविवारी दुपारी ती भांडी पुसून फडताळात ठेवत होती. दार वाजलं. दारात वर्गातल्या एका मुलाचे आईवडील उभे होते. मुलगा बेकरीत कामाला होता, त्याचं लग्न तोंडावर आलेलं. बारकी म्हणाली, "या ना, बसा."

"बसायला नाही आलो," वडील म्हणाले. "तुमच्या नवऱ्यानं आमच्या मुलाचं लग्न मोडलं, ते विचारायला आलोय."

बारकीला आधी वाटलं, घर चुकलं ह्यांचं. "काहीतरी गैरसमज होतोय. हा कुणाचं काय मोडणार? हा तर कुणाशी बोलत पण नाही."

"बोलला!" मुलाची आई जवळजवळ किंचाळली. "आमच्या पोराच्या डोक्यात काहीतरी वेड भरलं होतं, मुलींबद्दल काही वाटत नाही म्हणायचा. लग्न झालं की जाईल, असं सगळे समजावत होते. तेच ह्यांना विचारलं त्यानं. चहाच्या वेळी, मोरीपाशी. आणि ह्यांनी सांगितलं, जात नाही म्हणून! घरी येऊन त्यानं सरळ मुलीला फोन लावला."

"तो असं बोलूच शकत नाही," बारकी म्हणाली. तिचा आवाज वर गेला होता. नवऱ्यासाठी भांडायला तिला पहिल्यांदाच मिळत होतं. "अहो, त्याला काय ठाऊक असल्या गोष्टी! तुमच्या पोरानं स्वतःच्या मनाचं सांगितलं आणि खापर ह्याच्या डोक्यावर फोडलं. गप्पू, सांग ना ह्यांना."

गप्पू आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा होता. त्यानं चौकटीला हात धरला होता.

"मी बोललो," तो म्हणाला.

"काय बोललास?"

"त्यानं विचारलं, लग्न केल्यावर हे जातं का. मी म्हटलं, नाही जात."

"पण तुला काय माहीत?" ती हसली सुद्धा. तिला खरोखर हसू आलं होतं.

"मला माहीत आहे," गप्पू म्हणाला.

पाहुण्यांना आधी समजलं. मुलाच्या आईनं तोंडावर हात ठेवला, वडिलांची नजर जमिनीवर गेली आणि दोघं आल्या पावली जिना उतरले. बारकीच्या हातात पुसायचं फडकं तसंच होतं. तिला त्या शब्दांचा अर्थ कळत होता, पण ते तिच्या घरात, तिच्या फडताळासमोर उच्चारले गेलेत हे कळत नव्हतं. लोकांच्या जबड्यांचं काम करणाऱ्या बाईची दातखीळ बसली.

बऱ्याच वेळानं तिला एकच वाक्य सुचलं. "मग तू रोज गुडघे टेकून काय मागत होतास?"

तो खुर्चीवर बसला. "तू मला हवीशी वाटावीस, म्हणून प्रार्थना करत होतो."

त्यानं थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं. ती त्याच पलंगावर, त्याच्या शेजारी, तो देवाशी बोलतोय म्हणून निवांत झोपत आली होती.

दुसऱ्या दिवशी बारकी कामावर गेली. न जाऊन करणार काय? हात आपोआप चालत होते. संध्याकाळी लॅबच्या मालकीणबाईंनी तिनं बसवलेला साचा उचलला आणि खिडकीशी नेऊन पाहिला. "बारके, खालचे दात वर लावलेस. हा माणूस उलटा टांगून घेऊन जेवणार आहे का?" एरवी बारकी पोट धरून हसली असती. ती साच्याकडे बघत राहिली. आपण दोन ओळींची अदलाबदल केली आणि आपल्याला दिसलंच नाही, याचीच तिला भीती वाटली. अजून काय काय दिसलं नसेल?

घरी दोघं एकमेकांना पाहुण्यासारखी वागवत होती. गप्पू बाहेरच्या खोलीत झोपू लागला. ती प्रश्न विचारायची, आणि गंमत अशी की आता तो उत्तरं द्यायचा. इतक्या वर्षांत बोलला नव्हता तेवढं बोलला. दुसरं कुणी आहे का? नाही. कधी होतं? लग्नाआधी एक मित्र होता, हात हातात घेण्यापलीकडे काही गेलं नाही, तो परदेशी गेला. लग्नानंतर? नाही, एकदाही नाही, शपथ.

"चर्च काय म्हणतं ते तरी माहीत होतं ना तुला?" तिनं विचारलं.

"पाठ आहे मला." आणि त्यानं खरंच म्हणून दाखवलं, जसं लहानपणी श्लोक म्हणून दाखवतात तसं सरळ बसून. असा ओढा असणं हे पाप नाही. कृती हे पाप. अशा माणसांना आदरानं, दयेनं, हळुवारपणे वागवावं, त्यांच्यावर अन्याय करू नये. त्यांनी आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळावं. आणि तो ओढा मुळातूनच बिघडलेला आहे. "आदराचं वाक्य आणि बिघाडाचं वाक्य एकाच पानावर आहे," तो म्हणाला. "मी दोन्ही मानत आलो. एक सकाळी, एक संध्याकाळी."

"त्यात लग्न करा असं कुठंय?"

"नाहीये."

"मग का केलंस?"

गप्पू पुन्हा गप्प झाला. या एका प्रश्नापाशी आला की त्याचं बोलणं बंद पडायचं. बारकीला वाटलं, लाज वाटते म्हणून. तिला काय कल्पना, की तो कुणाला तरी पाठीशी घालत होता.

नव्या फादरांना सगळं कळलंच होतं. त्यांनी वर्ग तर काढून घेतलाच, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी दोघांना बोलावून सांगितलं, लग्नाच्या वेळी जे वचन दिलं ते पाळण्याची कुवतच एकाकडे नसेल, आणि दुसऱ्यापासून ते लपवलं गेलं असेल, तर चर्चच्या नजरेत ते लग्न मुळात झालंच होतं का, हे तपासता येतं. त्यासाठी धर्मप्रांताचं, म्हणजे बिशपांचं, विवाह न्यायालय आहे. बारकीनं अर्ज केला. गप्पूनं हरकत घेतली नाही.

न्यायालय म्हणजे बिशपांच्या इमारतीतला एक मजला. गुळगुळीत फरशी, लांबलचक व्हरांडा, भिंतीला टेकवलेली बाकं. एकेकाला आत बोलवायचे आणि न्यायाधीश फादर जबानी घ्यायचे. त्या दिवशी गप्पूच्या आईची जबानी होती. सासूबाई आल्या त्या इस्त्रीच्या कपड्यांत, हातात जपमाळ, आणि बारकीच्या शेजारी न बसता समोरच्या बाकावर बसल्या. वेदीवरची फुलं रचण्यात या बाईंचं आयुष्य गेलं होतं. हे प्रकरण इथवर आलं याचा त्यांना संताप होता.

"सूनबाई, अजून वेळ गेली नाही," त्या म्हणाल्या. "अर्ज मागे घे. देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये."

"आई, जोडलंच नव्हतं, असं म्हणायचंय मला. माझ्यापासून लपवलं त्यानं."

"त्यानं काही लपवलं नाही! माझा मुलगा लबाड नाही." सासूबाईंचा चेहरा लाल झाला. मुलावरचा आळ त्यांना सोसेना, आणि त्या भरात त्यांच्या तोंडून सुटलं. "तो तर तुला सांगणार होता. लग्नाआधी तुझ्या घरी यायला निघाला होता. तेव्हाच्या आपल्या मोठ्या फादरांनी अडवलं त्याला. म्हणाले, सांगू नकोस, उगाच पोरगी घाबरेल. लग्न झालं, घरात बाई आली, की सगळं रांगेला लागेल."

बारकी उठून उभी राहिली. "मोठ्या फादरांना माहीत होतं?"

"मीच नेलं होतं त्याला त्यांच्याकडे. पापनिवेदनात नाही, कार्यालयात, समोरासमोर बसून बोललो आम्ही. अगं, मी आई आहे, माझी झोप उडाली होती! त्यांनी धीर दिला. आणि..." सासूबाई अडखळल्या. आता थांबावं हे त्यांच्या लक्षात आलं, पण वाक्य निम्मं बाहेर पडलं होतं.

"आणि काय?"

"आणि तुझं नावही त्यांनीच सुचवलं. म्हणाले, शांत मुलगी आहे, श्रद्धाळू आहे, सांभाळून घेईल."

आतून कुणीतरी दार उघडून सासूबाईंना हाक मारली. त्या जपमाळ मुठीत घेऊन आत गेल्या. बारकी व्हरांड्यात उभीच राहिली. मोठे फादर म्हणजे तिला स्नानसंस्कार, बाप्तिस्मा देणारे, आई गेली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवणारे. तिच्या लग्नाची मिस्सा त्यांनीच केली होती. प्रवचनात म्हणाले होते, या दोघांची निवड देवानं केली आहे. त्या दिवशी वेदीपाशी चार माणसं उभी होती. नवरा, नवरी, सासू आणि धर्मगुरू. त्यांतल्या तिघांना माहीत होतं. जिच्या डोक्यावर फुलांचा मुकुट होता तिला तेवढं सोडून.

गप्पू खाली रस्त्यावर वाट बघत होता. तिनं त्याला गाठून विचारलं, "म्हणून गप्प बसत होतास? त्यांचं नाव येऊ नये म्हणून?"

"म्हातारे आहेत ते," गप्पू म्हणाला. "आणि मला त्यांनी हाकललं नाही, बारके. माझं ऐकून घेणारे ते पहिले. मला वाटलं, ज्यानं हाकललं नाही तो खोटं कसं सांगेल."

"आणि मी? मी कोण होते तुमच्या हिशेबात?"

उत्तर तिनंच दिलं. "औषध होते मी. तुझ्यावर लावून बघितलं. गुण आला नाही."

मोठे फादर निवृत्त धर्मगुरूंच्या आश्रमात राहत होते. बारकी गेली तेव्हा सकाळ होती. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, मांडीवर पांघरूण. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "ये पोरी, ये. माझी खालची कवळी सैल झालीय, बघ जरा."

ही कवळी तिनंच करून दिली होती. तिचे डोळे सवयीनं त्यांच्या हनुवटीकडे गेले आणि तिला स्वतःचा राग आला.

"फादर, तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

त्यांनी कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. पांघरुणावरून हात फिरवला. "त्या पोराची फार तगमग होत होती गं. मला त्याला वाचवायचं होतं."

"शिकवणीत लग्न करा असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पण जन्मभर एकटं राहा, हे तरी त्याला कुठल्या तोंडानं सांगू? तो काही धर्मगुरू होणार नव्हता. आम्ही निदान स्वतः निवडतो. मला वाटलं, घर मिळेल, जेवायला कुणी समोर असेल. मी दयेनंच केलं."

"माझ्यावर दया कुणी केली?" बारकी म्हणाली. "मला एकदा विचारायचं होतं, फादर. नुसतं विचारायचं."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," म्हातारा साधेपणानं म्हणाला.

ते खोटं बोलत नव्हते, सबबही सांगत नव्हते. दोन अधिक दोन चार सांगावं तसं सांगत होते. ती नाही म्हणेल हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच तिला विचारलं नव्हतं.

तिचा चेहरा पाहून त्यांना वाईट वाटलं असावं. समजुतीच्या सुरात ते म्हणाले, "सगळीकडे असं होत नाही, पोरी. काहींचं निभावतं. माझ्या त्या लग्नांपैकी दोन-तीन जोडपी तर अजून छान संसार करतायत, मुलंबाळं आहेत."

"त्या लग्नांपैकी?" बारकी म्हणाली.

फादरांनी पांघरूण वर ओढून घेतलं.

"किती लावलीत अशी?"

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर एक बाई दोरीवर चादरी वाळत घालत होती, तिच्याकडे ते पाहत राहिले. बारकीनं पुन्हा विचारलं. ते उत्तर देणार नाहीत हे तिला कळलं. आपल्याबाबतीत एका म्हाताऱ्याची चूक झाली, असं समजून ती जिना चढली होती.

ती दारापाशी पोहोचल्यावर मागून आवाज आला. "मी येतो जबानीला. मला बोलवायला सांग त्यांना."

आणि ते आले. काठी टेकत, एका नर्सच्या आधारानं. आत काय बोलले ते नंतर बारकीला न्यायालयातच वाचायला मिळालं. त्यांनी तिच्या लग्नाबद्दल सगळं सांगितलं होतं, आडपडदा न ठेवता. इतरांबद्दल एक अक्षर नव्हतं.

निकाल लागला. न्यायाधीश फादरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. संमतीला आधार नव्हता, तेव्हा हा विवाह चर्चच्या नजरेत पहिल्या दिवसापासून झालाच नव्हता. दोघं मोकळे. गप्पूला मात्र परवानगीशिवाय पुन्हा लग्न करता येणार नाही. "त्याची काळजी नको," गप्पू म्हणाला, आणि न्यायाधीशांना हसावं की नाही ते कळेना.

हेच हवं होतं बारकीला, पण ऐकताना तिला दुसरंच आठवत राहिलं. तिच्या तापात केलेलं सूप झालं होतं. तिच्या वडिलांच्या शवपेटीला ह्यानं खांदा दिला होता, ते झालं होतं. लग्न तेवढं झालं नव्हतं. फाटकाबाहेर आल्यावर दोघं एकाच बसस्टॉपवर उभी राहिली, कारण दुसरी बस नव्हतीच.

"बेकरीतला तो मुलगा भेटला होता," गप्पू म्हणाला. "घरातून काढलंय त्याला. माझ्याकडे आला होता, खोली शोधून दिली. चर्चला यायला घाबरतो. मी म्हटलं, माझ्याबरोबर ये."

"तू अजून जातोस?" तिनं विचारलं. ती स्वतः त्या दिवसांत गेली नव्हती.

"मी कुठं जाणार?" त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. "माझंच घर आहे ते. राग आला म्हणून कुणी देव बदलतं का?"

"आणि उद्या कुणी भेटला तर? माणूस?"

"भेटला तर मी कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठणार नाही, बसून राहीन. पण येईन. मला जागेवरून उठवायला कुणाला तरी यावं लागेल." मग, तिला सांगणं भाग आहे असं वाटून, तो म्हणाला, "बारके, तुझं नुकसान झालं ते झालंच. त्याला चर्च जबाबदार आहे असं म्हणून मी सुटत नाही. वेदीपाशी 'होय' मी म्हटलं होतं. माझ्या तोंडानं."

इतक्या महिन्यांत तिला हवं असलेलं हे एकच वाक्य होतं. पण ते ऐकून बरं वाटेल, ही तिची समजूत होती, ती काही खरी ठरली नाही. बस आली आणि दोघं वेगवेगळ्या सीटवर बसली.

बारकी पुन्हा मिस्साला जाऊ लागली, पण तिचं लक्ष प्रार्थनेत लागेना. ती बाकांवरून नजर फिरवायची. मोठ्या फादरांनी इथं वर्षानुवर्षं लग्नं लावली होती. पुढच्या बाकावरचा तो हसरा डॉक्टर आणि त्याची मिटलेल्या ओठांची बायको. खांबापाशी बसणारे ते, जे मिस्सात एकमेकांशी शांतीचं हस्तांदोलन करताना नजर भिडवत नाहीत. कदाचित त्यांचं सगळं ठीक असेल, नुसतं कालचं भांडण असेल. असा विचार करणं बरं नव्हे हे तिला कळत होतं. पण एकदा दिसायला लागलं की डोळे मिटून थोडंच भागतं? 'देवानं जोडलेलं' हे शब्द वेदीवरून आले की ती गीतांचं पुस्तक मिटायची.

एका दुपारी लॅबमध्ये एक बाई आली. चर्चमधल्या शिवणवाल्या बाई. वेदीची वस्त्रं, धर्मगुरूंचे झगे सगळं त्याच शिवत. साठीच्या, नातवंडं असलेल्या. बारकीला वाटलं, दाताचं काम असेल. "बाई, आधी डॉक्टरकडे जावं लागतं, आम्ही थेट माप घेत नाही."

"दाताचं नाही." बाईंनी मागे वळून पाहिलं. काचेच्या दारातून दिसत होतं, रस्त्यापलीकडे गाडीत त्यांचे यजमान वर्तमानपत्र वाचत बसले होते. "दोन मिनिटं आहेत माझ्याकडे."

मालकीणबाई आत होत्या. बारकीनं पॉलिशची मोटर बंद केली. अचानक इतकं शांत झालं की दोघी दचकल्या.

"मोठे फादर तुझ्या प्रकरणात जबानीला आले होते म्हणे."

"हो."

"तुला त्यांनी काही सांगितलं म्हणे. अजून काही लग्नं... असं ऐकलं." बाई दोन्ही हातांनी पर्स धरून उभ्या होत्या. "त्यांनी आमचं नाव घेतलं का?"

डॉक्टर नव्हे, खांबापाशी बसणारे नव्हेत. ह्या बाईंच्या संसाराचे गोडवे ती स्वतः वर्गात गात आली होती. तयारीच्या वर्गात उदाहरण देताना ती ह्यांचंच द्यायची, मुलामुलींना सांगायची, त्यांच्यासारखं जमलं पाहिजे.

"नाही," ती म्हणाली. "कुणाचंच नाव घेतलं नाही त्यांनी. मी विचारलं, पण नाही सांगितलं."

आता ह्या सुटकेचा श्वास टाकतील, असं तिला वाटलं. आपण उगाच आलो, कुणाला बोलू नकोस, असं म्हणून निघून जातील.

"नाही घेतलं?"

"नाही, बाई. खरंच."

शिवणवाल्या बाई जवळच्या स्टुलावर हळूच बसल्या. गाडीकडे त्यांनी या वेळी वळून पाहिलं नाही.

"घेतलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "मला इतकी वर्षं नुसता संशय आहे गं."